भोपळ्याच्या पोटातली हवा

मित्रांनो, माझी उंची तुमच्या मधल्या बोटाएवढी आहे. अंग काचेचं, पोट गोल, मान आखूड आणि डोक्यावर एक छोटी तोटी. प्रयोगशाळेच्या सामानाच्या यादीत मला 'बबल ट्रॅप' असं लिहिलेलं आहे, म्हणजे बुडबुडे पकडणारा. पण त्या नावानं मला आजवर कुणी हाक मारलेली नाही. सगळे मला भोपळ्या म्हणतात. आता माझं वय झालं आहे. काचेची झळाळी गेली, मानेवर एक ओरखडा पडला. माझ्या आयुष्यात पन्नास मिनिटं अशी आली, की ती मी आजही विसरलेलो नाही. त्यांचीच हकिकत तुम्हाला सांगायची आहे.

मला एका काच फुंकणाऱ्या कारागिरानं घडवलं. त्यांची मुलगी भट्टीपासून चार हात लांब स्टुलावर बसून बघत होती.

"बाबा, याला तीन नाकं कशाला?" तिनं विचारलं.

"बाजूच्या नाकातून पाणी आत येणार, खालच्यातून बाहेर जाणार. वरचं नाक हवेसाठी."

"हवेला वेगळं नाक?"

"मग काय! हवेला वाट काढून दिली नाही, तर ती नको तिथे जाऊन बसते."

माझं सगळं काम त्यांनी त्या एका वाक्यात सांगून टाकलं होतं. मला त्यांनी घाईनं गार केलं नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत उबेत ठेवलं आणि हळूहळू थंड होऊ दिलं. मग कापसात गुंडाळून माझी रवानगी एका इस्पितळाच्या मागच्या इमारतीत झाली. दुसऱ्या मजल्यावर, लांब व्हरांड्याच्या टोकाला एक प्रयोगशाळा होती. तिथे माणसाच्या शरीरातल्या पेशी वाढवत.

पेशी म्हणजे फार नाजूक जीव. त्या एका चपट्या काचपेटीत राहात. पेटीची खिडकी तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढी. त्यांना सतत ताजं, कोमट खाद्य लागे, आणि ते खाद्य असे पातळ. ते बाटलीतून निघे, रबरी नळीतून पंपाकडे जाई, पंप नळी हलकेच पिळून ते पुढे ढकली, आणि पेशींच्या अंगावरून ते संथ वाहत जाई. ही सगळी मांडणी काचेचं दार असलेल्या एका उबदार कपाटात होती. पंप आणि पेशींची पेटी यांच्या मधोमध मी उभा असे.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा बुडबुड्याला कोण घाबरतं? मित्रांनो, नळीतून वाहत आलेला बुडबुडा पेशींच्या अंगावरून गेला, की त्याच्या कडेनं पेशी खरवडून निघतात. तो तिथेच अडकून बसला, तर त्याच्याखालच्या पेशी उपाशी मरतात. म्हणून प्रत्येक बुडबुडा आधी माझ्या पोटात यायचा. खाद्य जड, ते खाली जायचं. हवा हलकी, ती वर चढायची. हवा साठत गेली की माझ्या पोटातली पातळी उतरायची. मग कुणीतरी येऊन माझ्या डोक्यावरची तोटी अर्धी फिरवायचं, फुस्स करून हवा निघून जायची आणि माझं पोट पुन्हा भरायचं.

हे 'कुणीतरी' म्हणजे थेंबकाका. ते तिथले जुने तंत्रज्ञ. नळीच्या टोकाशी कान लावून ते मिनिटाला किती थेंब पडतात ते मोजत, म्हणून त्यांना हे नाव पडलं. आल्या आल्या पिशवी खुंटीला अडकवायची आणि पहिली माझी चौकशी. "काय भोपळ्या, पोट फुगलं का रे?" बाटली बदलायचा त्यांचा नियम ठरलेला होता. फ्रिजमधली बाटली कधीच सरळ नळीला लावायची नाही. आधी चार तास उबदार कपाटात ठेवायची, मधूनमधून हलकेच घोळवायची आणि मगच जोडायची. कारण गार पाण्यात हवा विरघळून लपलेली असते. पाणी कोमट झालं की ती बुडबुडे होऊन बाहेर पडते. गार पाण्याचा पेला टेबलावर ठेवून बघा, थोड्या वेळानं त्याच्या कडांना बारीक मोती लागलेले दिसतील. ते मोती म्हणजेच आमचा शत्रू.

अशी सात वर्षं गेली. पाहुणे आले की काका मला बोटानं टिचकी मारून सांगत, "हा आहे म्हणून आम्ही निश्चिंत जेवतो." मला वाटायचं, हे असंच चालू राहणार.

मग विभागाच्या प्रमुख म्हणून नव्या मॅडम आल्या. वयानं तरुण, चाल भरभर, आणि एकदा वाचलेलं विसरायच्या नाहीत. त्यांनी एक पांढरी डबी मागवली. तिच्यात एक पातळ पडदा होता. पडद्यातून हवा निघून जाई, पाणी जात नसे. तोटी फिरवायला नको, पोटाकडे बघायला नको.

"काका, आता हा काचेचा फुगा कशाला?" मॅडम म्हणाल्या.

"असू द्या की मॅडम दोन्ही. तो काही खायला मागत नाही."

"जितके जोड जास्त, तितकी हवा आत शिरायची भीती जास्त. एकच काय ते ठेवू."

त्यांचं बोलणं चुकीचं नव्हतं. मला धुऊन, पुसून समोरच्या, सामान ठेवायच्या काचेच्या दाराच्या कपाटात ठेवलं. पहिले काही दिवस काका जाता-येता माझ्याकडे बघायचे. पुढे तेही थांबलं. कुणीतरी एक जड बाटली कपाटात ढकलली, तिचं धातूचं झाकण माझ्या मानेवर घासलं आणि तिथे ओरखडा उमटला. कुणाच्या लक्षातही आलं नाही. दोन वर्षं मी काचेआडून नुसता बघत राहिलो.

तिथूनच मी एका ताईंना पहिल्यांदा पाहिलं. त्यांच्या डाव्या डोळ्यावर पट्टी होती आणि त्या एका माणसाचा हात धरून त्याला व्हरांड्यातून आणत होत्या. तो त्यांचा धाकटा भाऊ. घरांच्या भिंती रंगवायचं काम करणारा. शिडीवर असताना चुन्याची बादली त्याच्या तोंडावर उलटली आणि दोन्ही डोळे भाजले. त्याच्या डोळ्यात चांगल्या पेशी उरल्याच नव्हत्या. म्हणून ताईंनी आपल्या डोळ्याच्या कडेचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा दिला होता. त्या तुकड्यापासून पेशींचा एक पातळ पापुद्रा वाढवायचा आणि भावाच्या एका डोळ्यावर बसवायचा, असं ठरलं होतं. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "तुमच्याकडून दुसऱ्यांदा घेणार नाही. तुमच्याच डोळ्याला धोका होईल."

पापुद्रा तयार व्हायला दहा दिवस लागणार होते. ताई रोज सकाळी येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसत. आत यायची परवानगी नव्हती. काका दिसले की विचारत, "काका, वाढतंय ना?" काका म्हणत, "वाढतंय, वाढतंय. तुमच्यासारखंच चिवट आहे."

नववा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया होती. त्या दिवशी ताई रडवेल्या झाल्या होत्या. भाऊ नको म्हणत होता, आता कशाचीच आशा नको म्हणत होता. काका त्यांच्याजवळ बाकावर बसले, बराच वेळ बोलत राहिले. आत आले तेव्हा साडेबारा वाजून गेले होते आणि बाटलीत जेमतेम दोन बोटं खाद्य उरलं होतं. पुढची बाटली सकाळीच उबेत ठेवायला हवी होती. ती अजून फ्रिजमध्येच होती.

काकांनी फ्रिज उघडला. बाटली बाहेर काढली. तिच्या अंगावर धुकं चढलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, संपत आलेल्या बाटलीकडे पाहिलं, आणि मग पांढऱ्या डबीकडे.

"डबी आहे ना," ते पुटपुटले आणि त्यांनी ती गारठलेली बाटली सरळ नळीला जोडली.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी किंचाळलो असतो. कपाटात जागा नव्हती म्हणून डबी आणि बाटली आता उबदार कपाटाच्या बाहेर बसवलेली होती. तिच्यातून जाताना खाद्य गारच असणार, हवा त्यात लपलेलीच राहणार. डबीला ती दिसणार तरी कशी? पुढे उबेत गेल्यावर ती बाहेर पडणार, आणि पुढे तर फक्त पेशी होत्या. मी माझ्या कपाटात दाराला खेटून उभा होतो. नळी मला स्पष्ट दिसत होती. पाच मिनिटं काही झालं नाही. दहा मिनिटं काही झालं नाही. मग नळीच्या आतल्या अंगाला एक मोती दिसला. त्याच्या शेजारी दुसरा. ते एकमेकांत मिसळले, फुगले आणि हळूच सुटले.

"मॅडम!" काकांचा आवाज फाटला. "नळीत हवा आहे!"

मॅडम धावत आल्या. पेशींच्या पेटीच्या एका कोपऱ्यात एक बुडबुडा आधीच जाऊन बसला होता. मागून आणखी तीन येत होते.

"पंप बंद करा!"

"बंद केला तर पेशी उपाशी राहतील. नवव्या दिवशी दहा मिनिटंसुद्धा सोसायच्या नाहीत त्या."

काकांनी उबदार कपाटाचं दार थोडं उघडून हात आत घातला आणि पेटीच्या आधीची नळी उचलून तिची उंच कमान केली. बुडबुडे त्या कमानीच्या माथ्यावर जाऊन अडकले. "कमानीच्या माथ्यावर तीन तोंडांची तोटी आहे," ते म्हणाले. "सिरिंज लावा आणि हवा ओढून घ्या. हळू. पेटीकडून काही ओढलं जाता कामा नये."

मॅडमनी सिरिंज लावली. पहिला बुडबुडा निघाला. लगेच दुसरा कमानीत येऊन बसला.

"बाटली बदलू या का?"

"कोमट बाटली एकही नाही. गरम व्हायला वेळ लागेल. तोवर नळीतलं हे सगळं येतच राहणार." काकांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षांनी. "भोपळ्याला काढा."

काचसामान धुणाऱ्या मावशींना हाक गेली. प्रयोगशाळेतली प्रत्येक वस्तू वाफेच्या यंत्रात निर्जंतुक केल्याशिवाय पेशींजवळ नेत नाहीत. मावशींनी मला हातात घेतलं, उजेडात धरलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"याच्या मानेला ओरखडा आहे. वाफेत टिकेल का?"

"दुसरा आहे?" मॅडमनी विचारलं.

"नाही."

"मग हाच."

मला वाफेच्या यंत्रात ठेवून दार आवळलं. आत काळोख आणि उकाडा. वाफ चढली तसा माझा ओरखडा दुखायला लागला. काच दुखते, मित्रांनो, फक्त ती कण्हत नाही. मी त्या ताईंचा विचार करत होतो. दाराच्या पलीकडून आवाज येत होते.

"काका, हात बदला. मी धरते."

"नको. हात बदलताना कमान हलेल. तुम्ही हवा ओढत राहा."

"तुमचा हात कापतोय."

"कापू दे. खाली येत नाहीये ना?"

उघड्या फटीतून ऊब निघून जाऊ नये म्हणून मावशींनी काकांच्या दंडाभोवती टॉवेल कोंबला होता, असं मला नंतर कळलं. पन्नास मिनिटं काका तसेच उभे होते. माझं काम त्यांच्या हातानं केलं.

यंत्राची घंटा वाजली. मॅडम ओरडल्या, "मावशी, काढा त्याला लवकर!"

"नाही काढणार," मावशी म्हणाल्या.

"म्हणजे काय?"

"आत्ता दार उघडलं तर गार वारा लागून हा फुटेल. मग काय जोडणार आहात, माझं डोकं? दहा मिनिटं द्या मला."

"मावशी, तिकडे पेशी मरतायत!"

"म्हणूनच म्हणते. तुमच्याकडे हा एकच आहे."

ती दहा मिनिटं मावशींनी दारावर तळहात ठेवून काढली. मग त्यांनी दार बोटभर उघडलं, थांबल्या, आणखी बोटभर उघडलं. मी शाबूत होतो. जंतू नसलेल्या हातमोज्यांनी मॅडमनी मला उचललं. उलटं धरून काठोकाठ खाद्यानं भरलं, एकही बुडबुडा आत राहू दिला नाही. मग पंप थांबवला. एक नळी सुटली, दोन जोड बसले. काका मोठ्यानं आकडे मोजत होते. चाळिसाव्या आकड्याला पंप पुन्हा सुरू झाला.

पहिला बुडबुडा माझ्या पोटात शिरला. गोल फिरला, वर चढला आणि माझ्या डोक्याखाली जाऊन बसला. त्याच्या मागून दुसरा आला. खालून माझ्या पायातून पेशींकडे गेलं ते नितळ खाद्य होतं. काकांनी हात बाहेर काढला. तो त्यांना सरळ करता येत नव्हता. मावशींनी तो कोपरापासून चोळायला घेतला.

मॅडम खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, दोन्ही ठेवू या. मी ऐकलं नाही. ही डबी भिकार निघाली. आजच कंपनीला लिहून कळवते."

मित्रांनो, पन्नास मिनिटांत मी घाबरलो नव्हतो एवढा त्या क्षणी घाबरलो. काकांनी नुसतं गप्प बसायचं होतं. दोष डबीचा, शहाणपण काकांचं, आणि मी पुन्हा माझ्या जागेवर. ते गप्प राहिले असते तर मला फायदाच होता, आणि ते गप्प राहतील याचीच मला भीती वाटली. काका आपल्या सुजलेल्या बोटांकडे बघत होते.

"डबीचं काही चुकलेलं नाही, मॅडम," ते म्हणाले. "बाटली मी गार लावली."

मॅडमनी मान वर केली.

"सकाळी बाहेर काढायला विसरलो. मग म्हटलं, डबी आहे ना. इतक्या वर्षांत असं कधी केलं नव्हतं. आज केलं."

मावशींचा चोळणारा हात थांबला.

"हे बाहेर त्यांना सांगावं लागेल," मॅडम म्हणाल्या.

"मीच सांगतो."

दार उघडं होतं, म्हणून मला ऐकू आलं. काकांनी काही लपवलं नाही. ताई उभ्या राहिल्या. त्यांचा उघडा डोळा काकांवर रोखलेला होता.

"माझ्या डोळ्यातला तुकडा होता तो, काका."

"हो."

"माझ्याशी बोलत बसलात म्हणून उशीर झाला?"

"नाही. उशीर तुमच्यामुळे झाला असेल, पण चूक मी केली. थांबायला हवं होतं, थांबलो नाही."

ताईंनी "बरं" म्हटलं नाही आणि दोषही दिला नाही. त्या परत बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "किती गेलं, किती राहिलं, ते बघून या. मग बोलू."

मॅडमनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. कोपऱ्यातल्या त्या पहिल्या बुडबुड्याखाली तिळाएवढी जागा मेली होती. बाकीचा पापुद्रा जिवंत होता. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर येऊन बघून गेले. "कड कापून टाकू. उरलेलं पुरेल. जेमतेम, पण पुरेल," असं ते म्हणाले. त्या दिवशी काका घरी जाईपर्यंत माझ्यासमोरून हलले नाहीत. माझी तोटी त्यांनी अकरा वेळा फिरवली. दुसऱ्या दिवशी पेटी कापडात झाकून नेली आणि मी रिकामा झालो.

मग वाट बघणं आलं. पाच आठवडे कुणी काही सांगितलं नाही. काका कामाला येत, माझ्या शेजारी ती पांढरी डबी उबदार कपाटाच्या आत बसवत, आधी ती आणि मग मी अशी मांडणी करत. पण थेंब मोजताना त्यांचा आकडा चुकायचा. ते पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.

सहाव्या आठवड्यात व्हरांड्यात पावलं वाजली. ताई आणि त्यांचा भाऊ. या वेळी ताईंनी त्याचा हात धरलेला नव्हता. तो भिंतीला बोटं लावत येत होता, पण दारापाशी आल्यावर त्यानं भिंत सोडली. मॅडमनी त्यांना काचेपर्यंत येऊ दिलं.

"मला ती वस्तू बघायची आहे," तो म्हणाला. "ताई सांगत होती."

काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. त्या माणसानं उबदार कपाटाच्या काचेला कपाळ टेकवलं. एक डोळा अजून झाकलेला होता, दुसरा लालसर आणि ओला होता. तेवढ्यात माझ्या पोटात एक बुडबुडा आला, मोहरीएवढा. तो संथपणे वर निघाला.

"काहीतरी वर गेलं," तो म्हणाला. "बारीकसं."

ताईंनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, त्यानं पाहिलं," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, त्यानंतर मला पुष्कळ काम मिळालं आणि आजही मिळतं. कधीतरी माझी मान दगा देईल, तेव्हा मला टाकून द्यावं लागेल. त्याचं मला वाईट वाटणार नाही. तुमच्याकडे मी एवढंच मागतो. ज्या वस्तूंमुळे तुमचं काही बिघडत नाही, त्या तुमच्या नजरेतून फार लवकर निसटतात. त्यांना दिवसातून एकदा तरी हात लावून बघा. नवीन वस्तू आली म्हणून जुनी काळजी सोडू नका. आणि हातून चूक झालीच, तर आधी धावून जा, सावरा, आणि सगळं शांत झाल्यावर, दुसऱ्या कुणावर बोट दाखवणं अगदी सोपं असतं त्या वेळी, "मी केलं" असं मोठ्यानं म्हणा. त्याला किती बळ लागतं, ते मी जवळून पाहिलं आहे.